समुद्रावरील सुवर्णपथ

सायंकाळीं समुद्रतीरीं उभे राहिलें असतां मावळत्या सूर्यापासून थेट आपल्या पायांपर्यंत आलेला तेजाचा पट्टा कोणीं पाहिला नाहीं? पण त्या पट्ट्याच्या विस्तारावरून वाऱ्याचा वेग सांगतां येतो, असें कोणी म्हटलें असतें तर आम्हीं तें थट्टेवारीच नेलें असतें. तथापि हें खरें आहे, व तें सिद्ध कसें झालें हा इतिहास वाचकांपुढें मांडण्यासारखा आहे.

समुद्र आरशासारखा निश्चल असता तर त्यांत सूर्याचें एकच बिंब दिसलें असतें. वारा सुटला कीं त्या एका आरशाचे असंख्य आरसे होतात. प्रत्येकाचा कल निराळा; ज्याचा कल नेमका जुळतो तोच आपणांस चमकतो. वारा जितका जोराचा तितके उतार अधिक तीव्र, आणि तितकाच पट्टा अधिक पसरट.

कॅलिफोर्नियांतील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या चार्ल्स कॉक्स व वॉल्टर मंक या शास्त्रज्ञांनीं 1951 मध्यें हवाई बेटांपैकीं माउईजवळ विमानांतून या चमकीचीं छायाचित्रें घेतलीं. चमक कोठें आहे यावरून पाण्याचा उतार कळतो. ती किती तेजस्वी आहे यावरून तसे उतार किती आहेत हें कळतें. त्याच वेळीं खालीं जहाजावर वारा मोजला जात होता. 1954 सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले: उतारांच्या वर्गांची सरासरी वाऱ्याच्या वेगाबरोबर सरळ रेषेंत वाढते, वारा सेकंदास 10 मीटर असतां त्या सरासरीच्या वर्गमूळावरून येणारा कल सुमारें 13 अंश भरतो.

त्यांनीं पाण्यावर तेल पसरूनही पाहिलें. तेव्हां बारीक तरंग विरले आणि ही सरासरी निम्म्याहून, कधीं तृतीयांशापर्यंत, खालीं आली! म्हणजे चमकीचा विस्तार ठरविण्यांत भव्य लाटांपेक्षां, ज्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं, त्या क्षुद्र तरंगांचाच वांटा मोठा.

आज उपग्रह समुद्राच्या रंगावरून त्यांतील सूक्ष्म वनस्पतींचा अंदाज करतात. त्या कामीं ही चमक आड येते, आणि तिचा हिशेब करावयास अद्यापि कॉक्स-मंक यांचेंच सूत्र उपयोगीं पडतें.

मोजमापानें सौंदर्याची हानि होते, अशी तक्रार आपण नेहमीं ऐकतों. आम्हांस मात्र तसें वाटत नाहीं. तो सुवर्णपथ वाऱ्यानें पाण्यावर लिहिलेला लेख आहे, हें कळल्यापासून आम्ही तीरावर पूर्वीपेक्षां अधिक वेळ रेंगाळतों.