घसाऱ्याला न जुमानणारी गाडी

बी.कॉम.ला घसारा शिकलो, पण अण्णांची १९८४ची मारुती ८०० त्या हिशेबात काही बसत नाही. मूळची ही जपानची सुझुकी ऑल्टो. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, चाकं जेमतेम बारा इंची! १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींनी पहिली किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंगांना दिली. वर्षभरात आमची शरणपूर रोडला आली, तर अख्खी गल्ली पेढे खायला हजर. २०१४त उत्पादन थांबलं. परवा भंगारवाल्याने ती किलोवर मागितली. संग्राहकाने मात्र आधी मूळ बंपर अन् मूळ कागद पाहिले, मग भाव बोलला. २०२१च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ व्हायला पन्नास वर्षं लागतात.

‘‘अण्णा, विकू या?’’

‘‘२०३४पर्यंत थांब. गाडी टिकेल, माझं काही सांगवत नाही,’’ म्हणत त्यांनी किल्ली बंडीच्या खिशात टाकली.