कोकण किनाऱ्यावरील सागरी शैवाल : अभ्यासाचा इतिहास व एक राहिलेला प्रश्न

प्रस्तावना :
उष्णकटिबंधीय समुद्रात प्रवाळ, सागरी गवत व शैवाल परस्परांच्या आधाराने आणि स्पर्धेने जगतात. चुनखडीयुक्त लाल शैवाल प्रवाळांचे तुकडे सांधते. मांसल शैवाल मात्र जागा व प्रकाश यांसाठी प्रवाळांशी झगडते. शैवालभक्षी मासे घटले किंवा सांडपाण्यातून पोषकद्रव्ये वाढली, की तोल शैवालाकडे झुकतो. कोकणातील अभ्यासात या परस्परसंबंधाला कोणते स्थान मिळाले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अभ्यासाचे टप्पे :
डॅनिश शैवालशास्त्रज्ञ बोर्गेसेन यांनी वेस्ट इंडीजमधील शैवालांच्या अभ्यासानंतर १९३० पासून मुंबई इलाख्यातील शैवालांची वर्णने प्रसिद्ध केली. १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाल्यावर या कार्यास गती आली. १९७९ मध्ये कासिम व वफर यांनी मालवण परिसरातील जिवंत प्रवाळांची नोंद केली. उंटवले व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये भारतातील सागरी शैवालांची सूची तयार केली, तर १९९१ मध्ये जगताप यांनी देशाच्या किनाऱ्यावरील सागरी गवताचा आढावा घेतला. दरम्यान १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे सुमारे २९ चौ. कि.मी. क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले.

ही कामे पायाभूत आहेत. तथापि शैवाल एका सूचीत, प्रवाळ दुसऱ्या निबंधात व गवत तिसऱ्यात, अशी विभागणी त्यातून रूढ झाली.

विभागणीचा परिणाम :
हीच विभागणी कायद्यातही दिसते. २००१ मध्ये कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेतील संवेदनशील क्षेत्रांच्या यादीत प्रवाळ व सागरी गवत यांचा नामनिर्देश आहे, शैवालाचा नाही. शैवाल मुख्यतः उत्पादनाचा विषय ठरले. २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत शैवालशेतीस प्रोत्साहन आहे. मच्छीमार कुटुंबांना पूरक उत्पन्न मिळणे इष्टच. परंतु लागवडीसाठी आणलेले कप्पाफायकस हे परदेशी शैवाल मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाजवळील प्रवाळांवर पसरल्याचे २००८ मध्ये निदर्शनास आले, हा अनुभव दुर्लक्षून चालणार नाही.

समारोप :
सूचीवरून कोणती जात होती हे कळते. तिने कोणाची जागा घेतली हे कळत नाही. त्यासाठी एकाच खडकाची वर्षानुवर्षे नोंद हवी. सावर्ड्यासारख्या किनाऱ्यापासून आत वसलेल्या गावातील महाविद्यालयांनाही ओहोटीच्या वेळी, अल्प खर्चात हे कार्य करता येईल. लागवड वाढण्यापूर्वीच ते सुरू होणे अगत्याचे आहे.