काळा तवंग

रायपुरासारख्या समुद्रापासून दूरच्या गावी बसून सागरावर बोलणे थोडे धाडसाचेच. पण ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली, तो प्रसंग विस्मरणात जाऊ देण्यासारखा नाही. चित्रामधून सुमारे ८०० टन तेल सांडले व उरणकडील तिवरांच्या मुळांना जाऊन चिकटले. नारळी पौर्णिमा सतरा दिवसांवर आलेली, आणि मासळी घेण्यास गिऱ्हाईक धजेना.

तवंग कोठवर पसरला हे वरून पाहावे, तर पावसाळ्यातले आभाळ! साध्या छायाचित्राला ढगांखालचे दिसत नाही. रडारलहरींना मात्र ढगांचा वा अंधाराचा अडसर नसतो. तेलाने पाण्यावरील बारीक लहरी शमतात (दर्यावर्दींना हे पूर्वापार ठाऊक होते), रडारचा प्रतिध्वनी क्षीण होतो आणि चित्रात तेथे काळा डाग उमटतो. १९७८ साली अमेरिकेच्या सीसॅटने सागराचे असे रडारदर्शन नागरी उपयोगासाठी प्रथम घडविले. तथापि वारा अगदी मंद असला, तर निर्मळ पाणीही काळेच दिसते. तेव्हा केवळ डागावरून निवाडा करणे धोक्याचे.

देशात घडविलेला पहिला रडार-उपग्रह, रिसॅट-१, श्रीहरिकोट्याहून उडाला तो २६ एप्रिल २०१२ रोजी. चित्राच्या अपघातानंतर वीस महिन्यांनी.