पुण्याच्या पेल्यातला बर्फ : बॉस्टनच्या तळ्यांपासून ओट्यावरच्या यंत्रापर्यंत

१/ पुण्याच्या हवामानाच्या नोंदींतील नीचांक १.७ अंश सेल्सिअस; दिवस १७ जानेवारी १९३५. जेथील हवा शून्यापर्यंतही उतरत नाही, त्या शहराच्या स्वयंपाकघरांत आज भर वैशाखात बर्फ तयार होतो. हा प्रवास सुमारे दोन शतकांचा आहे, आणि घरचे बर्फयंत्र का अडते याचे उत्तरही त्यातच सापडते.

२/ १८३३ साली बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने गोठलेल्या तळ्यांचा बर्फ ‘टस्कनी’ जहाजातून कलकत्त्यास धाडला. निघताना १८० टन, चार महिन्यांनी उतरला तेव्हा सुमारे १०० टन. विषुववृत्त दोनदा ओलांडूनही निम्म्याहून अधिक बर्फ टिकला, कारण भोवती उष्णता अडवणारे जाड आवरण होते. पुढे या व्यापारात लाकडाचा भुसा हाच मोठा आधार ठरला.

३/ १८३४ मध्ये हा बर्फ मुंबईस पोहोचला. जमशेटजी जिजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमानांसह पाहुण्यांनाही पडसे झाले, असा किस्सा त्या काळापासून सांगितला जातो. कोटात बर्फघर उभे राहिले. त्या जागी आज के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. बर्फघराचे नियम दोनच : बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नाही, आणि वितळलेले पाणी साचू द्यायचे नाही.

४/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्राने हा व्यापार मोडला. फर्डिनांड कारे आणि कार्ल फॉन लिंडे यांनी अमोनियाच्या साह्याने शीतन व्यवहार्य केले. तत्त्व सोपे आहे. यंत्र ‘थंडी’ निर्माण करीत नाही. ते पाण्यातील उष्णता उपसून बाहेर टाकते. कारखान्यात पाण्याचे डबे अतिथंड खारवणीत बुडवून लाद्या पाडतात. गोणपाटात गुंडाळलेली लादी बाजारपेठेत येऊ लागली, तेव्हा बर्फ श्रीमंतांपुरता उरला नाही.

५/ घरात त्याचा सोहळा झाला तो आइस्क्रीमच्या पॉटमुळे. १८४३ साली अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन यांना अशा हाताने फिरवायच्या यंत्राचे पेटंट मिळाले. खडेमिठाने बर्फ झपाट्याने वितळतो, वितळताना दुधातील उष्णता ओढून घेतो. मीठ-बर्फाचे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. मात्र लाकडी बादलीचे भोक बुजले, की खारे पाणी चढून थेट आइस्क्रीममध्ये शिरते. बर्फघराचाच दुसरा नियम येथेही लागू!

६/ १९५८ हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे. त्या वर्षी मुंबईत गोदरेजने घरगुती रेफ्रिजरेटर बनवण्यास आरंभ केला, आणि पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी स्थापन झाली. हडपसरच्या या कंपनीचे अमोनिया कॉम्प्रेसर पुढे बर्फाच्या कारखान्यांत आणि शीतगृहांत बसले. ज्या शहराला निसर्गाने बर्फ दिला नाही, तेथेच तो पाडणारी यंत्रे घडू लागली.

७/ ओट्यावरचे छोटे बर्फयंत्र याच घराण्यातले. बर्फ पातळ पडतो? उपसलेली उष्णता बाहेर पडत नसणार. मागच्या-बाजूच्या जाळीवरील धूळ ब्रशने काढावी. यंत्र भिंतीला चिकटवू नये, शेगडीजवळ ठेवू नये. टाकी भरूनही ‘पाणी घाला’चा दिवा जळतो? सेन्सरवर क्षार बसलेले असू शकतात. बोअरवेलचे आणि टँकरचे पाणी बहुधा जड असते. अशा घरी सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने आतील भाग धुऊन स्वच्छ पाण्याने खळाळावा. सफाईपूर्वी प्लग काढलेला असावा.

८/ खडा मधोमध पांढरट दिसतो तो बिघाड नव्हे. पाणी बाहेरून आत गोठते आणि विरघळलेली हवा व क्षार मध्यभागी ढकलले जातात. कारखान्यात गोठताना पाण्यात हवा सोडून ते ढवळत ठेवतात. म्हणून लादी पारदर्शक निघते.

९/ सर्वांत गंभीर प्रश्न मात्र डोळ्यांना दिसत नाही. गोठल्याने सगळे जंतू मरत नाहीत. दूषित पाण्याचा बर्फ दूषितच राहतो. उद्योगांसाठीचा बर्फ सरबतात, उसाच्या रसात जाऊ नये म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्रात अखाद्य बर्फ निळा करण्याचा आदेश निघाला. घरच्या बर्फाला असा रंग नसतो. तेथे पिण्यायोग्य पाणी भरणे, उरलेले पाणी रोज ओतून देणे आणि यंत्र कोरडे करून ठेवणे, एवढाच पहारा.

१०/ बॉस्टनच्या जहाजापासून आजच्या यंत्रापर्यंत साधने बदलली. काम तेच राहिले. उष्णतेला वाट द्यायची, घाणीची वाट अडवायची.