पहिल्या स्वराआधीचे आकडे

संगीताच्या इतिहासात रचना असतात, रचनाकार असतात, वाद्ये असतात. वाद्य वाजू लागण्यापूर्वी काय काय ठरवून ठेवावे लागते, याची नोंद सहसा कोणी करत नाही. मैफिलीआधी अर्धा तास तंबोऱ्याशी झटणाऱ्याचे नाव पत्रिकेवर छापले जात नाही, तसेच हे. संगणकावर ध्वनी घडवण्यासाठी ज्या खास भाषा गेल्या सहा-सात दशकांत तयार झाल्या, त्यांच्याबाबतीत तर ही उपेक्षा अधिकच जाणवते. या भाषांत पहिला स्वर उमटण्यापूर्वी काही आकडे ठरावे लागतात. दर सेकंदाला ध्वनीचे किती नमुने मोजायचे, त्यांतले किती एका वेळी गठ्ठ्याने हाताळायचे, किती मेमरी आधीच राखून ठेवायची, असे हे आकडे असतात. बहुतेक वापरणाऱ्यांनी ते कधी बदललेले नसतात, कित्येकांनी पाहिलेलेही नसतात. या लेखात मला एवढेच दाखवायचे आहे की हे आकडे निव्वळ तांत्रिक किरकोळी नव्हेत. संगीताच्या शक्यतांचे कुंपण त्यांनीच घातले आणि जुन्या रचना टिकवायच्या तर त्यांनाही दस्तऐवजाचा मान द्यावा लागेल.

सुरुवात १९५७पासून करावी लागते. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्याने ‘म्युझिक वन’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. संगणक होता आयबीएम ७०४, आणि तो न्यूयॉर्क शहरात. आकडे साठवलेली चुंबकीय फीत तिथून न्यूजर्सीतील मरे हिल येथील प्रयोगशाळेत आणायची आणि तिथल्या यंत्राने आकड्यांचा ध्वनी करायचा, अशी व्यवस्था होती. न्यूमन गटमन यांची ‘इन द सिल्व्हर स्केल’ ही सतरा सेकंदांची रचना अशा रीतीने ऐकू आली.

त्या काळी घाई नव्हती. संगणकाला हिशेब करायला कितीही वेळ लागो, ऐकणे नंतरच होणार होते. तंगी होती ती यंत्रवेळेची. तिथूनच पहिली मोठी काटकसर जन्मली. प्रत्येक नमुन्यासाठी ज्या (साइन) नव्याने काढत बसण्याऐवजी तिच्या एका आवर्तनाचा तक्ता सुरुवातीलाच तयार करायचा आणि पुढे फक्त तो वाचत राहायचे. मॅथ्यूज यांच्या ‘म्युझिक फाइव्ह’मध्ये असा तक्ता ५१२ घरांचा असे. पाढे पाठ असलेला दुकानदार जसा प्रत्येक वेळी गुणाकार मांडत नाही, तसाच हा प्रकार. आधी तयारी, मग वादन ही शिस्त या भाषांत अशी पहिल्यापासून रुजली.

दुसरी काटकसर बॅरी व्हर्को यांच्या कामात दिसते. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले व्हर्को एमआयटीत होते. १९७०च्या दशकात त्यांनी पीडीपी-११ या लहान संगणकासाठी ‘म्युझिक इलेव्हन’ लिहिले आणि १९८६च्या सुमारास त्याचेच रूप सी भाषेत आणले. तेच आजचे ‘सी-साउंड’. व्हर्को यांचा विचार असा होता, की ध्वनीची लहर सेकंदाला हजारो वेळा बदलते, पण स्वराची चढती-उतरती तीव्रता किंवा मींड तुलनेने सावकाश बदलते. मग दोन्हींचा हिशेब एकाच वेगाने कशाला करायचा? म्हणून त्यांनी नियंत्रणाचा वेगळा, संथ दर ठेवला. सी-साउंडच्या वाद्यफाइलच्या अगदी माथ्यावर हे आकडे लिहायचे असतात. ध्वनीचा दर ४४,१००, नियंत्रणाचा दर ४,४१० आणि या दोहोंचे गुणोत्तर १०, हे त्यातले मूळचे प्रमाण. गुणाकार जुळला नाही तर प्रोग्रॅम पुढे जायलाच नकार देतो.

या काटकसरीची किंमत कानाला मोजावी लागते. नियंत्रणाचा दर फार कमी केला की स्वराचा गुळगुळीत चढ जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा होतो आणि त्या पायऱ्या खरखर म्हणून ऐकू येतात. म्हणजे माथ्यावरचा एक आकडा बदलला तर बाकी सारी रचना अक्षरशः तीच राहूनही वेगळी वाजते.

तिसरा टप्पा रंगमंचाचा. पॅरिसच्या इरकाम या संस्थेत जुसेप्पे दि जुन्यो यांनी ‘फोर-एक्स’ हे ध्वनियंत्र बांधले होते. वादकाच्या जोडीने ते जागच्या जागी वाजवता यावे म्हणून मिलर पकेट यांनी १९८०च्या दशकात चौकटी आणि रेषा जोडून प्रोग्रॅम करण्याची पद्धत तयार केली. मॅथ्यूज यांच्या सन्मानार्थ तिचे नाव ‘मॅक्स’. पुढे १९९६मध्ये पकेट यांनी ‘प्युअर डेटा’ हे मुक्त सॉफ्टवेअर आणले.

इथे सगळे गणित पालटले. वादक समोर बसलेला असताना संगणकाला ‘थांब, हिशेब चालू आहे’ म्हणण्याची सोय उरली नाही. ठरल्या क्षणी आकडे पोहोचले नाहीत तर आवाज तुटतो, टकटक ऐकू येते. पण प्रत्येक नमुन्यासाठी सगळी जुळणी पुन्हा फिरवायची तर प्रोसेसर दमतो. म्हणून नमुने गठ्ठ्याने हाताळायचे. प्युअर डेटात हा गठ्ठा मुळात ६४ नमुन्यांचा असतो. ४४,१०० या दराने तो जेमतेम दीड मिलिसेकंदाचा होतो. इतका उशीर कोणाच्या लक्षात येणार, असे वाटेल. पण एक उदाहरण घेऊ.

केव्हिन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी १९८३मध्ये छेडलेल्या तारेचा आवाज घडवण्याची एक साधी रीत प्रसिद्ध केली. थोडा गोंगाट घ्यायचा, तो किंचित उशिराने पुन्हा स्वतःतच मिसळायचा आणि हे चक्र चालू ठेवायचे. जेवढा उशीर कमी, तेवढा स्वर उंच. आता प्युअर डेटात हे चक्र नेहमीच्या चौकटी जोडून केले तर उशीर एका गठ्ठ्याहून कमी होऊ शकत नाही. ४४,१०० भागिले ६४ म्हणजे सुमारे ६८९. याहून उंच स्वर त्या तारेतून निघणार नाही. काळी एकमध्ये जुळवलेल्या सतारीचा मध्य षड्ज सुमारे २७७ हर्ट्झचा, तार षड्ज ५५४चा आणि तार सप्तकातला शुद्ध गंधार ६९३चा. म्हणजे ही संगणकी सतार तार रिषभापर्यंत सुखाने जाईल आणि गंधाराच्या उंबरठ्यावर अडखळेल. उपाय आहे. जुळणीच्या त्या भागापुरता गठ्ठा लहान करता येतो, प्रोसेसरचा भार मात्र वाढतो. पण ज्याला ६४ हा आकडाच ठाऊक नाही, तो आपल्या कानाला किंवा गणिताला दोष देत बसेल.

चौथा आकडा मेमरीचा. जेम्स मॅकार्टनी यांनी १९९६मध्ये ‘सुपरकोलायडर’ ही भाषा प्रसिद्ध केली आणि २००२मध्ये तिची तिसरी आवृत्ती मुक्त केली. या आवृत्तीत त्यांनी तिचे दोन भाग केले. सूचना लिहायची भाषा वेगळी आणि प्रत्यक्ष ध्वनी काढणारा सर्व्हर वेगळा. हा सर्व्हर आधी सुरू करावा लागतो. सुरू होतानाच तो ठरावीक मेमरी ताब्यात घेतो, मूळ आकडा ८,१९२ किलोबाइट. वादन चालू असताना संगणकाच्या मुख्य व्यवस्थेकडे मेमरी मागायची तर ती किती वेळात मिळेल याचा भरवसा नसतो, आणि तेवढ्यात आवाज तुटायचा. पंगत बसल्यावर वाण्याकडे धावता येत नाही, लागेल तेवढा शिधा आधीच कोठीत हवा.

कोठी लहान असेल तर काय होते? एकेका सेकंदाचे प्रतिध्वनी साठवणारे घटक मूळ मेमरीत तीसेकच मावतात. त्यापुढचा मागितला की मेमरी वाढवण्याची सूचना पडद्यावर येते आणि तो स्वर उमटत नाही. आकडा बदलता येतो, पण सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्याखेरीज तो लागू होत नाही. कार्यक्रमाच्या मध्यावर हे कळून उपयोग नाही. म्हणून जाणकार लोक आपले आकडे स्टार्टअप फाइलमध्ये एकदाच लिहून ठेवतात. भाषा उघडताना ती फाइल आपोआप वाचली जाते.

सोय खरी, पण प्रश्न इथेच सुरू होतो. ही स्टार्टअप फाइल रचनेसोबत नसते. ती वापरणाऱ्याच्या संगणकात, त्याच्या खासगी फोल्डरमध्ये असते. रचना दुसऱ्याला पाठवली, संग्रहात ठेवली, तरी ती मागेच राहते. याउलट सी-साउंडमध्ये आकडे वाद्यफाइलच्याच माथ्यावर असल्याने रचना जिथे जाईल तिथे तेही जातात. हा गुण मला मोठा वाटतो. प्युअर डेटा या दोहोंच्या मध्ये आहे. गठ्ठा लहान-मोठा करणारी चौकट रचनेत राहते, पण ध्वनीचा दर संगणकाच्या पसंतीवर सोडलेला असतो.

हे जपणे किती कठीण आहे याचा पुरावा पॅरिसमध्येच आहे. फिलिप मानुरी यांनी पियानो आणि फोर-एक्ससाठी १९८८मध्ये ‘प्लुतों’ रचली. मॅक्सवर उभ्या राहिलेल्या पहिल्या मोठ्या रचनांपैकी ती एक. पुढे फोर-एक्स निवृत्त झाले. रचना ऐकवायची तर नव्या यंत्रावर ती पुन्हा बांधणे भाग होते. पकेट यांनी २००१च्या सुमारास अशा काही रचना प्युअर डेटात नव्याने उभ्या केल्या, तिच्यासह. रचनेचा मूळ लेखनकर्ता आणि प्रोग्रॅमचा कर्ता दोघेही हयात होते म्हणून हे जमले. सगळ्या रचनांच्या नशिबी तसे नसते.

म्हणून या क्षेत्रात काम करणाऱ्या तरुणांना एक साधी गोष्ट सुचवावीशी वाटते. आपल्या रचनेच्या पहिल्या चार ओळींत ध्वनीचा दर, गठ्ठ्याचे माप, मेमरी आणि भाषेची आवृत्ती लिहून ठेवा. सुपरकोलायडरमध्ये हे आकडे रचनेच्याच फाइलमध्ये, सर्व्हर सुरू होण्याआधी देता येतात. पाच मिनिटांचे काम आहे. तीस वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याला ती पाच मिनिटे कोठूनही परत मिळवता येणार नाहीत.