सेहेचाळीस वर्षांच्या बाईचा हिशेब कुणी मांडलाच नाही

चाळिशी उलटली की पाळी मागेपुढे व्हायला लागते. रात्री अंगातून वाफा निघतात, झोप उडते, कारण नसताना रडू येतं. पाळी कायमची जाण्याआधीची ही काही वर्षं. यावर हार्मोनचे उपचार आहेत, पण विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं: "नको गं बाई, त्यानं कॅन्सर होतो."

ही भीती आली कुठून? थोडा इतिहास बघू.

१९४२ साली अमेरिकेत प्रेमारिन ही गोळी आली. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. रॉबर्ट विल्सन यांचं 'फेमिनाइन फॉरएव्हर' हे पुस्तक आलं. पाळी जाणं हा आजारच, गोळी घ्या आणि कायम तरुण राहा, असा त्याचा सूर. विल्सन यांच्या संस्थेला औषध कंपन्यांचा पैसा मिळत होता. पुस्तक खपलं, गोळी त्याहून खपली.

१९७५ मध्ये दोन अभ्यासांनी दाखवलं की नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर गर्भपिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो. मग जोडीला दुसरं हार्मोन देऊन अस्तराचं रक्षण करायची पद्धत आली. गर्भपिशवी असेल तर दोन्ही हार्मोन द्यायची, हा नियम तेव्हापासूनचा.

मोठा धक्का बसला जुलै २००२ मध्ये. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' हा १६,६०८ बायकांवरचा अमेरिकी अभ्यास मध्येच थांबवला. स्तनाच्या कॅन्सरचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो, अशी बातमी जगभर गेली. लाखो बायकांनी गोळ्या बंद केल्या.

बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड. ते २६ टक्के म्हणजे किती? गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला ३० जणींना कॅन्सर, घेणाऱ्यांत ३८. आठ जास्त. पक्षाघातही तेवढाच वाढला, रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या. उलट खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाण कमी झालं.

आणि खरी गोम पुढे आहे. या बायका ५० ते ७९ वयाच्या, सरासरी ६३ च्या. बहुतेकींची पाळी जाऊन दहा वर्षं होऊन गेलेली. सेहेचाळीस वर्षांची, पाळी अजून चालू असलेली बाई त्या अभ्यासात नव्हतीच! भीती मात्र तिच्या वाट्याला आली.

पुढच्या फेरतपासणीत कळलं की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, तर बहुतेक निरोगी बायकांना त्रासाच्या मानाने फायदा जास्त. वाफांवर याच्याइतकं गुणकारी औषध नाही. त्वचेतून जाणाऱ्या पॅच-जेलने गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी. पण स्तनाचा कॅन्सर, गुठळी, पक्षाघात झालेला असेल, लिव्हरचा आजार असेल किंवा रक्तस्राव का होतोय तेच कळलेलं नसेल, तर हे औषध नाही.

आता आपल्याकडे बघा. २०१९ साली बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली. तेरा हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, त्यात कित्येक चाळिशीच्या आतल्या. पाळीमुळे खाडा नको, दंड नको. बीजांडकोशही काढले की पाळी एका दिवसात जाते, हाडं लवकर ठिसूळ होतात. अशा कमी वयाच्या बाईला, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन द्यावीत असं वैद्यकशास्त्र सांगतं. ऑपरेशन करताना तिला हे कुणी सांगितलं का?

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधांवरचे बरेचसे ठळक इशारे काढायचं जाहीर केलं. म्हणजे आता जाहिराती जोरात येणार. १९६६ विसरू नका, २००२ पण विसरू नका.

डॉक्टरांना विचारा: माझ्या वयाला, माझ्या घरातल्या आजारांसकट, दहा हजारात किती? उत्तर आकड्यात मागा. तो आपला हक्क आहे.

आणि पुरुष मंडळी, ही पोस्ट तुमच्यासाठीही आहे. घरातली चिडचिड 'स्वभाव' म्हणून सोडून देऊ नका.