मुंबईचे सेंट थॉमस चर्च आणि रामा कामाठी

मुंबईच्या कोटातील सेंट थॉमस चर्चचा इतिहास हा बहुधा इंग्रज वसाहतीचाच इतिहास मानला जातो. त्याच्या उद्घाटनाचा वृत्तांत मात्र निराळे काही सुचवितो.

गव्हर्नर जेरल्ड आँजियर याच्या कारकिर्दीत, १६७६ च्या सुमारास, या वास्तूचा पाया घातला गेला. १६७७ मध्ये आँजियर सुरतेस वारला आणि अर्धवट भिंती सुमारे चाळीस वर्षे तशाच उभ्या राहिल्या. पुढे पाद्री रिचर्ड कॉब याने वर्गणी जमवून काम पुन्हा हाती घेतले व १७१८ च्या नाताळात चर्च उघडले. चार्ल्स बून हा तेव्हा गव्हर्नर होता. त्या दिवशी कंपनीच्या एतद्देशीय फौजेचा प्रमुख रामा कामाठी हा आपल्या ज्ञातिबांधवांसह येऊन प्रार्थना संपेपर्यंत दाराबाहेर उभा राहिला, अशी नोंद कॉबने केली आहे.

दोनच वर्षांनी, १७२० मध्ये, कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून बूनच्याच अमलात कामाठीवर खटला झाला. त्याची मालमत्ता जप्त झाली व तो बंदिवासातच मरण पावला. पुराव्यादाखल मांडलेले पत्र बनावट असल्याचे नंतर उघड झाले.

१८३७ मध्ये या चर्चला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. त्याच्यावरून नाव पडलेला कोटाचा चर्चगेट दरवाजा १८६० नंतरच्या दशकात पाडला गेला; नाव तेवढे रेल्वे स्थानकास राहिले. कंपनीचे एतद्देशीयांशी असलेले सख्य आणि त्या सख्याची मर्यादा, या दोहोंचे स्मरण मात्र या चर्चच्या दाराशीच निगडित आहे.